चाती, मजूर आणि भांडवल

यंत्र वाढलें कीं मजुराची भाकरी जाते, असें एक पक्ष म्हणतो. यंत्र सुधारल्यावांचून धंदा तगत नाहीं आणि धंदा बुडाल्यावर भाकरी कोठची, असें दुसरा पक्ष उत्तर देतो. मोटारींच्या कारखान्यांत सांधकाम व रंगकाम यंत्रमानवांच्या हातीं गेल्यापासून हा वाद अधिकच तीव्र झाला आहे. निकाल देण्यापूर्वीं उभय पक्षांनीं नागपूरच्या गांधीबागेपर्यंत येण्याचे श्रम घ्यावे, असें आम्हांस वाटतें. तेथील कापडपेठेपासून जवळच, जुम्मा तलावाच्या कांठीं, या वादाची एक साक्ष सव्वाशें वर्षें उभी होती.

जमशेटजी टाटा यांनीं १८७४ सालीं १५ लक्ष रुपयांच्या भांडवलावर कंपनी स्थापिली आणि १ जानेवारी १८७७ रोजीं एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबई सोडून ते नागपुरास आले, कारण कापूस येथें दाराशीं पिके आणि १८६७ पासून आगगाडीही आली होती.

त्या काळीं सूत म्यूल नांवाच्या यंत्रावर निघे. तें आधीं धागा ओढून पीळ देई आणि मग थांबून तो गुंडाळी. रिंग पद्धतीच्या चातीवर हीं दोन्ही कामें एकदमच व अखंड चालत. शिवाय म्यूलवर लागणारें कसबही तिला लागत नसे. लँकेशायर म्यूललाच चिकटून होतें, तेव्हां एम्प्रेस मिलनें रिंगची परीक्षा करून ती पत्करली.

परंतु अखंड चालणाऱ्या चातीला नित्य हजर राहणारा मजूर लागतो, आणि गैरहजेरी हें तर गिरणीचें मोठें दुखणें होतें. चाती थांबली तरी तींत गुंतलेल्या भांडवलाचें व्याज थांबत नाहीं. १८८६ सालीं गिरणीनें मजुरांसाठीं पेन्शन फंड काढला आणि १८९५ सालीं अपघाताच्या भरपाईची योजना केली. हीत औदार्य होतेंच. पण हिशेबही होता. अमेरिकेंत फोर्डनें १९१३ सालीं मोटारी सरकत्या पट्ट्यावर जोडावयास आरंभ केला, तेव्हां मजूर टिकेनात. म्हणून १९१४ सालीं त्यानें दिवसाला ८ तास काम आणि ५ डॉलर मोबदला जाहीर केला. यंत्राला माणूस कमी लागतो, पण जो लागतो तो स्थिर लागतो.

मात्र जो लागत नाहीं त्याचें काय? गिरणीच्या सुतावर कोष्ट्यांचे माग चालूं शकले; परंतु घरोघर सूत कांतणाऱ्या बायांचा धंदा बसला, आणि त्यांच्या नांवानें कोणीही फंड काढला नाहीं. कारखान्याच्या दरवाजाबाहेर राहिलेला माणूस कोणाच्याच जमाखर्चांत येत नाहीं, हा या इतिहासांतील खरा सल आहे.

पुढें दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंही खरें ठरलें. जीर्ण यंत्रें आणि वाढता तोटा यांपायीं टाटांनीं १९८६ सालीं गिरणीवरील हात काढला. राज्य सरकारच्या महामंडळानें ती कांहीं वर्षें चालविली आणि २००२ सालीं ती कायमची बंद पडली. आज त्या जागेवर एक भव्य बाजारसंकुल उभें आहे.

तात्पर्य, यंत्रानें जो पैसा वाचतो त्याला वारस तीन: भांडवल घालणारा, उद्यांचें यंत्र आणि माणूस. पैकीं माणसाच्या वाट्यांत, कामावर राहिलेल्या इतकाच कामावरून गेलेलाही धरला पाहिजे. मोटारींच्या कारखान्यांचे ताळेबंद वाचतांना वाचकांनीं एवढें एक कलम अवश्य शोधावें.