विसरभोळा सर्व्हर आणि अकरावीचा अर्ज

अकरावीचा ऑनलाइन प्रवेश मुंबईत २००९ साली सुरू झाला. आमच्या फलटणला तो पोहोचला २०२५ मध्ये, सगळ्या राज्याला लागू झाला तेव्हा. अर्जाचे भाग दोन. पहिल्यात नाव-गाव, आरक्षण, गुण. दुसऱ्यात जास्तीत जास्त दहा कॉलेजांचे पसंतीक्रम. आता दोन दिवसांत, दोन बैठकींत भरलेले हे भाग एकाच मुलाचे, हे सर्व्हरला कळतं कसं?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. टिम बर्नर्स-ली यांनी महाजालाचे नियम घडवले ते मुळात कागदपत्रं वाचण्यासाठी. पान मागा, पान घ्या, विषय संपला! सर्व्हर पुढच्या क्षणी तुम्हाला विसरतो. हजेरीपट नसलेल्या मास्तरासारखं. दर तासाला सगळा वर्ग नवाच. वाचायला हे सोयीचं होतं, पण पुढे पानांवर अर्ज आले (१९९५ च्या एचटीएमएल २.० या प्रमाणात ते होतेच) आणि अडचण उभी राहिली.

पहिला उपाय लपवलेल्या रकान्यांचा. पहिल्या पानाची उत्तरं दुसऱ्या पानाच्या पोटात दडवून पाठवायची, ती दुसऱ्या पानाबरोबर परत येतात. पण वाटेत ती बदलता येतात ना! उत्तरपत्रिका मुलाच्या हाती देऊन गुण घरून लिहून आण म्हणण्यातला हा प्रकार.

दुसरा उपाय १९९४ चा. नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकी आणली. तुमच्याकडे फक्त एक बिल्ला, मजकूर सर्व्हरच्या कपाटात. या कपाटाला म्हणतात सेशन. रास्मुस लेर्डोर्फ यांच्या पीएचपी भाषेत २००० सालच्या चौथ्या आवृत्तीपासून ही सोय आयतीच मिळू लागली. मात्र तिथली ठरीव मुदत १४४० सेकंदांची, म्हणजे २४ मिनिटं! तेवढा वेळ हालचाल झाली नाही, की कपाट रिकामं करायला सर्व्हर मोकळा. प्रोग्रामरने मुदत वाढवली नाही तर तीच राहते.

मध्यंतरी शेजारची एक मुलगी कसलासा चार पानी अर्ज भरत होती. तिसऱ्या पानावर दाखल्याचा नंबर हवा होता, म्हणून घरी पळाली. परत येऊन पाहते तो पहिलं पान पुन्हा कोरं! "सर, सगळं गेलं हो," म्हणाली. पुण्यातल्या भाच्याला विचारलं तेव्हा हा सगळा इतिहास कळला.

त्याच्या मते खरा उपाय तिसरा. उमेदवाराचं खातं उघडायचं आणि प्रत्येक पान तपासून लगेच त्याच्या नावावर कायमच्या नोंदवहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, मसुदा म्हणून ठेवायचं. शेवटी सगळी पानं एकत्र पुन्हा तपासायची, मगच अर्ज पक्का करायचा. आणि पक्का झाल्यावर दुसऱ्याच पानावर न्यायचं, नाहीतर कुणी पान ताजं केलं की तोच अर्ज दोनदा जायचा.

मला यात तंत्रापेक्षा न्याय दिसतो. घरात संगणक, सगळे दाखले हाताशी असलेल्या मुलाला २४ मिनिटं पुरतात. वीज गेली, मोबाइल वडिलांचा, दाखला तालुक्याला, अशा मुलाला पुरत नाहीत. सर्व्हरच्या विसरभोळेपणाची किंमत दोघं सारखी मोजत नाहीत. अर्ज लिहिणाऱ्या प्रोग्रामरांनी एवढं ध्यानात ठेवलं, तरी पुष्कळ झालं.