युरोपची पेटी

युरोपातले 'उगवते' बाजार म्हटलं की पोलंड, हंगेरी, चेक प्रजासत्ताक, ग्रीस, तुर्कस्तान आणि 2022 पर्यंत रशिया अशी नावं निघतात. या देशांतल्या कंपन्यांचे शेअर एकत्र बांधून ठेवणारे इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट लंडनच्या बाजारात आहेत. ऐकणाऱ्याला ही कालपरवाची टूम वाटते. कूळ शोधायला गेलं की उलटंच निघतं. ट्रस्ट नावाची चीज जन्मलीच मुळी असल्या युरोपासाठी.

मूळपुरुष ॲम्स्टरडॅमचा. 1772-73 मध्ये तिथल्या मोठमोठ्या पेढ्या हादरल्या, एकाच ठिकाणी पैसे गुंतवून बसलेले लोक भुईसपाट झाले. त्यानंतर आब्राहाम फान केटविख या दलालाने 1774 साली एक ठेव काढली. तिच्या डच नावाचा अर्थ 'एकीत बळ'. दर हिस्सा 500 गिल्डरचा, असे 2000 हिस्से. जमलेला पैसा व्हिएन्नाची बँक, रशिया, स्वीडन, छोटी जर्मन संस्थानं, स्पेनमधले कालवे आणि अमेरिका खंडातल्या वसाहतींच्या मळ्यांना दिलेली कर्जं यांत विभागून ठेवायचा. त्या काळच्या डच सावकाराच्या नजरेतून रशिया किंवा स्पेन म्हणजे व्याज चांगलं देणारा, पण भरवशाचा नसलेला ऋणको. सगळे एकाच वेळी बुडणार नाहीत, हा हिशेब.

नियम मात्र कडक होता. 2000 हिस्से विकले गेले की दार बंद. मग कुणाला आत यायचं असेल तर आत असलेल्याकडून हिस्सा विकत घ्यायचा. बाहेर पडायचं तर गिऱ्हाईक शोधायचं. ठेवीतून पैसे काढून मागायची सोय नाही. पुढे इंग्रज-डच युद्ध पेटलं, मळ्यांकडून येणारं व्याज आटलं, हिस्स्यांचा भाव घसरला आणि तो घसरलेला सगळ्यांना दिसला. 1824 साली या ठेवीचा हिशेब मिटवण्यात आला.

याची चांगली आवृत्ती लंडनला निघाली 1868 च्या मार्चमध्ये. नाव 'फॉरेन अँड कलोनियल गव्हर्नमेंट ट्रस्ट'. कल्पना फिलिप रोज या वकिलाची, विश्वस्तांच्या डोक्यावर लॉर्ड वेस्टबरी. मोठ्या भांडवलदाराला पैसे दहा ठिकाणी वाटून ठेवता येतात, तीच मुभा बेताच्या ऐपतीच्या माणसाला द्यायची, असं त्यांच्या माहितीपत्रकात सांगितलं होतं. 100 पौंडांचं प्रमाणपत्र 85 पौंडांना मिळायचं, त्यावर सालाना 6 पौंड, म्हणजे घातलेल्या पैशावर सात टक्के. इंग्रज सरकारच्या रोख्यांवर तेव्हा साधारण निम्मंच सुटायचं. हे जास्तीचं व्याज यायचं कुठून? इटली, स्पेन, पोर्तुगाल, ऑस्ट्रिया, रशिया, तुर्कस्तान, डॅन्यूबकाठची संस्थानं, इजिप्त, पेरू असल्या सरकारांकडून. त्यांचे रोखे बाजारात पडेल भावात मिळत. पडेल भावात घ्यायचे, व्याज वसूल करायचं, गुंतवणूकदाराला ठरलेलं देऊन उरलेल्या पैशातून दर वर्षी सोडत काढायची. ज्याचा नंबर लागेल त्याला पूर्ण 100 पौंड परत. लॉटरीचा हा शेपूट-भाग मला सगळ्यात गमतीचा वाटतो. गंभीर माणसांनाही थोडी हुरहुर लावून ठेवली की पैसा टिकतो, हे वकीलसाहेबांना नेमकं कळलेलं होतं.

पालीत हा हिशेब समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. मुंबई-गोवा रस्ता हातखंब्यावरून पुढे येतो आणि इथून कोल्हापूरचा रस्ता नाणीज-साखरप्याकडे फुटतो, ते हे गाव. रत्नागिरी तालुक्यातल्या इतर गावांसारखंच इथेही हापूस पेटीने जातो आणि वाशीच्या दलालाकडून विक्रीच्या हिशेबाची पट्टी येते. पेटी घेणारा प्रत्येक आंबा दाबून बघत नाही. दोन-चार डागी निघणार हे धरूनच तो भाव करतो. लंडनची पेटीही अशीच होती, आणि डागी निघालेच: 1875 मध्ये तुर्कस्तानने हात वर केले, 1876 मध्ये इजिप्त आणि पेरूने, स्पेनचं रडगाणं चालूच होतं. एकाच्या डागाने शेजारचा नासतो, हे आंब्यातही होतं आणि रोख्यांतही. एक सरकार बुडालं की सावकार बाकीच्यांकडेही संशयाने बघतात. तरी ट्रस्ट टिकला, कारण खरेदी स्वस्तात होती. 1879 मध्ये एका न्यायाधीशाने अशा ट्रस्टला कंपनी कायद्याबाहेरचा ठरवल्यावर त्याने स्वतःला कंपनी करून घेतलं. वारसदार आजही लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेला आहे.

मुंबईला त्या दिवसांत असली पेटी सुचण्याची मनःस्थितीच नव्हती. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तो पैसा बॅक बे भरणीच्या शेअरमध्ये घुसला, आणि 1 जुलै 1865 ला हिशेबाचा दिवस उजाडला तेव्हा प्रेमचंद रायचंदांसारख्या सटोडियांचे राजेही उघडे पडले. लंडनला ट्रस्ट निघाला त्याच वर्षी, 1868 मध्ये, जुन्या बँक ऑफ बॉम्बेचं दुकान गुंडाळलं गेलं. विभागून ठेवण्याचं शहाणपण मुंबईने घेतलं ते बरंच उशिरा. 1933 मध्ये इंडस्ट्रियल इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट निघाला, 1937 मध्ये टाटांची इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. पण या पेढीवाल्यांच्या पेट्या. रत्नागिरीतून गिरणीत कामाला गेलेल्या माणसाची बचत मनिऑर्डरने घरी यायची. पोस्टाने 1880 मध्ये मनिऑर्डरचं काम हाती घेतल्यापासून कोकणाचा अर्धा संसार तिच्यावर चालला. उरलंसुरलं पोस्टाच्या पुस्तकात.

त्या पुस्तकातला पैसा बाहेर काढायचं काम केलं युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाने. 1963 चा कायदा, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी, आणि 1 जुलै 1964 पासून युनिट-64 ची विक्री, दहा रुपयांना एक. इथे डच-इंग्रजी घराण्यात एक बदल झाला, आणि माझ्या मते पुढचा सगळा घोळ त्यातून निघाला. पेटी उघडी ठेवली गेली. कोणीही केव्हाही यावं, केव्हाही जावं, आणि येण्याजाण्याचा भाव ट्रस्टने आपल्या कचेरीत ठरवावा. दर जुलैत युनिट थोडं स्वस्त मिळायचं. कोकणात जुलै म्हणजे आंब्याची पट्टी हातात पडून गेलेली, लावणी उरकत आलेली. एजंट घरी यायला याहून चांगला मुहूर्त नाही. लाभांश न चुकता यायचा. पेन्शनरांनी, मास्तरांनी, पोस्टमास्तरांनीही मुलीच्या लग्नाचे पैसे त्यात ठेवले. सरकारचंच आहे, बुडेल कसं, असं म्हणत.

आत काय आहे याचा खरा भाव मात्र कोणालाच दिसत नव्हता. सुरुवातीची रोख्यांची पेटी हळूहळू शेअरनी भरली होती. 2 जुलै 2001 ला युनिट-64 ची खरेदी-विक्री एकाएकी थांबवण्यात आली, तेव्हा विकायचा भाव चौदा रुपयांच्या आसपास होता आणि आतला माल दहाचाही नव्हता. लहान गुंतवणूकदारांना पुढे 3000 युनिटांपर्यंत दहा रुपयांचा आधार मिळाला. 2003 मध्ये ट्रस्टचे दोन तुकडे झाले. लोकांनी दोष शेअर बाजाराला दिला. केटविखच्या हिस्सेदारांचंही नुकसान झालं होतं, पण त्यांचा भाव बाजार सांगत होता. इथे तो कचेरीत अडकून राहिला.

याच युनिट ट्रस्टने 1986 मध्ये एक उलटा खेळ केला होता. परदेशी लोकांसाठी इंडिया फंड काढून तो लंडनच्या बाजारात नोंदवला, 1988 मध्ये न्यूयॉर्कला इंडिया ग्रोथ फंड. दोन्ही बंद दाराच्या, जुन्या घराण्याच्या. म्हणजे 1868 मध्ये लंडनचा पेन्शनर ज्या पेटीतून तुर्कस्तान विकत घेत होता, तशाच पेटीतून तो आता मुंबई घेत होता. 'उगवते बाजार' हे नावही नुकतंच पडलेलं: 1981 मध्ये जागतिक बँकेच्या परिवारातल्या आंत्वान फान आख्तमाल यांनी ते सुचवलं, कारण 'तिसऱ्या जगाचा फंड' म्हटलं की कोणी पाकीट उघडत नव्हतं. पूर्व युरोप या यादीत आला तो बर्लिनची भिंत पडल्यावर. बुडापेस्टचा शेअर बाजार 1990 मध्ये पुन्हा उघडला. वॉर्साचा एप्रिल 1991 मध्ये, फक्त पाच कंपन्यांनिशी, आणि भरला कुठे तर कम्युनिस्ट पक्षाच्या माजी मुख्यालयात. मग बेअरिंग, जेपी मॉर्गन अशा पेढ्यांनी या भागासाठी लंडनमध्ये ट्रस्ट काढले. एका ट्रस्टच्या नावातच रशिया होता.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर फौजा घातल्या. मॉस्कोचा शेअर बाजार जवळजवळ महिनाभर बंद राहिला, उघडल्यावरही परदेशी लोकांना विकायची बंदी. मार्चमध्ये निर्देशांक काढणाऱ्या एमएससीआयने रशियाला आपल्या यादीतून काढताना तिथल्या शेअरचा भाव जवळपास शून्य धरला. उघड्या फंडांना व्यवहार थांबवावे लागले, कारण पैसे मागायला आलेल्याला द्यायचं काय? बंद ट्रस्टचे शेअर मात्र लंडनमध्ये हातबदल करत राहिले. नावात रशिया असलेल्या ट्रस्टने नाव आणि धोरण बदलून मध्यपूर्व, आफ्रिका यांनाही जवळ केलं, गोठलेले रशियन शेअर शून्याजवळ मांडून वहीत ठेवले. आणि त्याच्या शेअरचा भाव वहीतल्या किमतीच्या वर गेला. एक दिवस मॉस्को उघडेल, या आशेवर लोक कागद घेत होते. हा सट्टाच, फक्त तो उघड्यावर चालला होता.

पालीतल्या माणसाला असला ट्रस्ट घ्यायला आता कायद्याची आडकाठी नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. गुंतवणुकीसाठी वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेलं की बँक 20 टक्के कर आगाऊ कापते, तो पुढे विवरणपत्रात वळता होतो. लंडनला खरेदीवर अर्धा टक्का मुद्रांक शुल्क बसतं. परदेशातली मालमत्ता विवरणपत्रातल्या वेगळ्या तक्त्यात दाखवावी लागते. ती राहिली तर दंड जबर आहे. आणि घेण्याआधी बघायचे आकडे दोनच: ट्रस्टच्या शेअरचा बाजारभाव, आणि दर शेअरमागे आतल्या मालाची किंमत. पहिला दुसऱ्याच्या बराच खाली असेल तर तो का खाली आहे हे विचारावं, आणि वर असेल तर दोनदा विचारावं.