चांगल्या कोलेस्टेरॉलची परीक्षा

मंडळी, रक्ताचा रिपोर्ट आला की आमच्या नातेवाइकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "वाईट जरा जास्त आहे, पण चांगलं भरपूर आहे ना!" या 'चांगल्या'चं, म्हणजे एचडीएलचं, पुढे काय झालं ते ऐका.

ज्यांचं एचडीएल जास्त त्यांना हृदयविकार कमी, हे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीत 1977 साली दिसलं. मग ते वाढवणारं औषध काढा, असा सरळ हिशेब. टोरसेट्रॅपिब या औषधानं एचडीएल 70 टक्क्यांहून जास्त वाढलं. पण सुमारे 15 हजार रुग्णांवरची चाचणी डिसेंबर 2006 मध्ये थांबवावी लागली. औषध घेणाऱ्यांतच मृत्यू जास्त! त्यानं रक्तदाबही वाढत होता, त्यामुळे वाद उरला: दोष औषधाचा की मूळ समजुतीचा?

उत्तर मिळालं ते मेंडेलच्या वाटाण्यांच्या वाटेनं. आईबापांच्या जनुकांपैकी कोणतं आपल्या वाट्याला येणार, हे जन्माआधीच चिठ्ठी उचलल्यासारखं ठरतं. पुढचा पैसा, व्यायाम, तंबाखू यांनी ती चिठ्ठी बदलत नाही. निसर्गानंच दोन गट पाडून ठेवलेत, आपण फक्त मोजायचं. एका जनुकातल्या बदलामुळे काहींचं एचडीएल जन्मभर जास्त असतं. हिशेबाप्रमाणे त्यांना झटके 13 टक्के कमी यायला हवेत. 2012 साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला, फरक जवळजवळ शून्य. कावळा बसला आणि फांदी तुटली, त्यातलाच प्रकार.

वाईटाची, म्हणजे एलडीएलची, परीक्षा मात्र निराळी निघाली. पीसीएसके9 हे जनुक 2003 साली फ्रान्समधल्या काही कुटुंबांत सापडलं. तिथे ते जास्तच जोरात चालून एलडीएल वाढवत होतं. टेक्सासमधल्या डॅलसच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला (मला असे विद्यार्थी फार आवडत): हे जनुक बंदच पडलं तर? 2006 साली उत्तर छापून आलं. 3363 कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकी 2.6 टक्के लोकांत ते तसं होतं. त्यांचं एलडीएल 28 टक्क्यांनी कमी, आणि पंधरा वर्षांतला हृदयविकार तब्बल 88 टक्क्यांनी कमी!

28 ला 88 कसे? गोळी बहुतेकांना पन्नाशी-साठीत सुरू होते, तोवर धमन्यांत थर बसलेला असतो. या लोकांची बचत पाळण्यापासूनची. त्यांच्या जनुकाची नक्कल करणारी इंजेक्शनं 2015 साली अमेरिकेत मंजूर झाली.