बोल्ट किती आवळावा?

श्रोतेहो, विहिरीवरचं जुनं तेल-इंजिन बिघडलं, की पहिला हात जातो तो पान्याकडे. "आवळा आणखी घट्ट!" असं सांगणारी माणसंही भोवती जमतात. पण बोल्ट आवळणं हे नुसतं जोराचं काम नव्हे. त्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला तर ऐन पाण्याच्या पाळीला होणारा खोळंबा टळतो.

पूर्वी प्रत्येक नट आपल्याच बोल्टाचा जोडीदार असे. दुसऱ्यावर तो बसेलच याची खात्री नसे. इंग्लंडात हेन्री मॉडस्ले याने 1800 च्या सुमारास अचूक आटे पाडणारा लेथ बनविला. त्याच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट जमवून मोजले आणि 1841 साली सर्वांसाठी एकच प्रमाण सुचविले. आट्याचा कोन 55 अंश आणि बोल्टाच्या जाडीप्रमाणे दर इंचात ठरावीक आटे. अर्ध्या इंचाच्या बोल्टाला 12. पुढे 1864 साली अमेरिकेत विल्यम सेलर्स याने 60 अंशांचे प्रमाण मांडले. त्यात अर्ध्या इंचाला 13 आटे आले.

फरक एका आट्याचा. पण दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी आणि अमेरिकन सुटे भाग एकमेकांना बसेनात, तेव्हा त्याची किंमत कळली. 1948 साली ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी समान आटा मान्य केला. भारतात 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आली. जुनी इंजिने मात्र इंचाच्या आट्यांची राहिली.

म्हणून जुन्या इंजिनाला "दिसायला सारखा" बोल्ट लावू नये. बारा मिलिमीटरचा बोल्ट अर्ध्या इंचाच्या भोकात सैल बसतो. तेरा आट्यांचा दोन-चार फेरे जातो आणि अडतो. तिथे जोर केला, की बिडाच्या ब्लॉकमधले आटेच खरवडले जातात. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडाही बोल्टाच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नव्हे.

आता आवळण्याचं पाहू. गाडीवरच्या कडब्याला आवळलेला दोर ताणामुळे भार धरतो, तसाच बोल्टही किंचित ताणला जाऊन पकड देतो. ताण कमी पडला तर हेडखालचं पॅकिंग जळतं. फार झाला तर बोल्ट लांबतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. शिवाय पान्यावर लावलेला बहुतेक जोर घर्षणातच जातो. पकडीसाठी उरतो सुमारे दहावा हिस्सा. गंजलेल्या आट्यात तोही उरत नाही, आणि तेलकट आट्यात तेवढ्याच जोराने ताण वाढतो.

तेव्हा आटे आधी तारेच्या ब्रशने साफ करावेत. तेल लावायचे की नाही, हे इंजिनाच्या पुस्तकात पाहावे. हेडचे बोल्ट मधून बाहेर, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत थोडेथोडे आवळावेत. मापाचा पाना मिळाला तर उत्तमच. पण पान्याच्या दांड्याला पाइप जोडून लटकू नये.

शिक्षकबंधूंनी वर्गात अर्ध्या इंचाचा एक जुना बोल्ट न्यावा आणि मुलांना पट्टी लावून आटे मोजायला सांगावं. इंचात बारा भरले, तर 1841 सालचा इतिहास मुलांच्या हातात आला म्हणून समजा!