टंकयंत्राची समान घरे आणि देवनागरी अक्षर

संगणकाचे आज्ञालेख लिहिणारांना जी अक्षरमुद्रा लागते, तिच्यातील प्रत्येक चिन्ह एकाच रुंदीच्या घरात बसविलेले असते. त्यामुळे ओळीखाली ओळ आली तरी स्तंभ सरळ राहतात. देवनागरीसाठी अशी समरुंद मुद्रा आज घडवू पाहणाराने प्रथम टंकलेखनयंत्राचा इतिहास पाहावा, असे मला वाटते. हाच प्रश्न आपल्या लिपीपुढे पूर्वी एकदा उभा राहिला होता. आणि त्या वेळी सुचलेल्या उपायांपैकी काही लिपीने स्वीकारले, काही नाकारले.

रेमिंग्टनचे यंत्र अमेरिकेत 1874 साली विक्रीस आले. पुढे रूढ झालेल्या यंत्रांत कळ दाबली की गाडा ठराविक एक पाऊल सरके, आणि एका इंचात दहा किंवा बारा अक्षरे बसत. रोमनमधील अरुंद ‘आय’ला माथ्याशी व पायाशी आडवे फाटे लावून त्याचे घर भरले, रुंद ‘एम’ आखडून घेतला. हॉवर्ड केटलर यांनी 1950 च्या दशकात आय. बी. एम.साठी आखलेली ‘कूरियर’ ही मुद्रा याच वळणाची आहे.

देवनागरीची अडचण याहून मोठी होती. ‘र’ अरुंद, ‘क्ष’ विस्तीर्ण. शिवाय मात्रा वर आणि उकार खाली. छापखान्यातील जुळाऱ्याजवळ शेकडो खिळे असत. यंत्रावर मात्र नव्वदच्या आसपास चिन्हांत सर्व भागवावयाचे होते. तेव्हा ‘क’, ‘म’, ‘र’ यांस एकेक कळ दिली. ‘ख’, ‘ण’, ‘ध’, ‘भ’ यांची मात्र अर्धी रूपेच ठेवून त्यांपुढे काना मारण्याची योजना झाली. ‘खण’ हा दोन अक्षरी शब्द चार ठोक्यांनी उमटे. मात्रांच्या कळा गाडा न हलविता उमटत. विशीत सौसरला टंकलेखन शिकताना मला ही सर्कस वाटे. आज तीत लिपीची जाण दिसते. अक्षराचा दंड वेगळा काढता येतो, हे जोडाक्षर लिहिणाऱ्या आपल्या हाताला पूर्वीपासूनच ठाऊक होते.

उलट, यंत्राच्या सोयीसाठी लिपीच बदलावी, असाही एक पक्ष होता. 1948 साली काकासाहेब कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली लघुलेखन व टंकलेखनयंत्र यांचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली. 1953 च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे द्यावा, असे ठरविले. ते रूढ झाले नाही. डोळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय ठरावाने मोडत नाही.

आमच्या भागास हा इतिहास दूरचा नाही. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात 1950 च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. 1956 साली विदर्भ वेगळा झाला आणि सौसर, पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिले. 2023 पासून त्यांचा स्वतंत्र जिल्हा आहे. बोरगावच्या मुलाला घरची मराठी व कचेरीची हिंदी एकाच लिपीत लिहावी लागते. पण ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे निराळी, आणि महाराष्ट्र शासनाने 2009 साली ती प्रमाण ठरविली. समरुंद मुद्रेत ही दोन्ही वळणे असावयास हवीत. नाहीतर घर समान होईल, पण त्यात राहणारा मात्र परका ठरेल.

आज संगणक जोडाक्षर आपण होऊन घडवितो; कळांची टंचाई उरलेली नाही. तरीही प्रत्येक अक्षर एकाच घरात कोंबण्याचा मोह होतो, आणि ‘क्ष’ काळवंडतो. जुन्या यंत्राने दाखविलेली वाट अधिक शहाणपणाची आहे: ‘र’ची शिरोरेषा लांबवून त्याचे घर भरावे, आणि ‘ख’, ‘क्ष’ यांस दोन घरे द्यावीत. स्तंभ सरळ राहण्यास घरे सारखी असणे पुरेसे आहे. प्रत्येक अक्षराने एकाच घरात राहिले पाहिजे, असे नाही.