“वर्ष उलटलं, आता केस होत नाही” : फौजदारी खटल्याची मुदत आणि ॲट्रॉसिटी

वस्त्यांमध्ये काम करताना हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. कधी गावातला पुढारी सांगतो, कधी ठाण्यातला कर्मचारी. काही गुन्ह्यांबाबत ते खरे आहे. जातिवाचक शिवीगाळ, सामाजिक बहिष्कार, जमीन बळकावणे यांबाबत मात्र ते साफ खोटे आहे.

खटला भरण्याची मुदत पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. आकडे तेच राहिले. फक्त दंडाची शिक्षा असेल तर सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष, त्यापुढे तीन वर्षांपर्यंत असेल तर तीन वर्षे. त्याहून जास्त शिक्षा होऊ शकत असेल तर मुदतच नाही. हिशेब कायद्यातल्या कमाल शिक्षेवरून करायचा. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) ला सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा आहे, म्हणून तिथे मुदतीचा प्रश्नच येत नाही. तरीही उशीर का झाला, हे फिर्यादीत स्वच्छ लिहावे. धमक्या होत्या, दवाखाना होता, ठाण्यातून परत पाठवले, जे असेल ते. आरोपीचा वकील त्यावरच बोट ठेवतो.

खरी फसगत होते ती एनसीत. मारहाण झाली, लोक ठाण्यात गेले आणि साध्या दुखापतीची अदखलपात्र नोंद हातात घेऊन घरी आले. आमच्याकडे आलेल्या एका कुटुंबाने असा कागद वर्षभर जपून ठेवला होता. केस चालू आहे असाच त्यांचा समज! एनसी म्हणजे एफआयआर नव्हे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत. साध्या दुखापतीला कमाल शिक्षा एक वर्षाची, म्हणून मुदतही एकच वर्ष. त्याच घटनेत कलम ३(१) लागले असते तर मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्याचा हिशेब धरला गेला असता, कारण एकत्र चालणाऱ्या गुन्ह्यांना तोच नियम आहे. अस्पृश्यतेबद्दलच्या १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यातही बहुतेक गुन्ह्यांना सहा महिन्यांपर्यंतच कैद आहे. तिथेही एक वर्ष.

मुदत साधारणपणे गुन्ह्याच्या दिवसापासून मोजतात. आरोपी कोण हे माहीत नसेल तर ते कळल्या दिवसापासून. न्यायालयाने दखल कधी घेतली याला महत्त्व नाही. फिर्याद कधी दाखल झाली ते पाहायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे २०१३ मध्ये सारा मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केले. मुदत संपली असली तरी समाधानकारक कारण असल्यास किंवा न्यायाच्या दृष्टीने गरज वाटल्यास न्यायालय विलंब माफ करू शकते (कलम ५१९).

साठ दिवसांचा गोंधळही नेहमीचा. ॲट्रॉसिटीत तपास करून साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल करणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. ते चुकले म्हणून केस मरत नाही. पण आरोपी कोठडीत असेल आणि दोषारोपपत्र वेळेत आले नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. गंभीर गुन्ह्यांत ही मर्यादा नव्वद दिवसांची. म्हणून पन्नासाव्या दिवशी तपास अधिकाऱ्याला लेखी विचारावे.

आता जे आपल्या कार्यकर्त्यांच्याही लक्षात राहत नाही ते. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकावर ॲट्रॉसिटीच्या कलम ४ खाली गुन्हा होतो, पण त्याची कमाल शिक्षा एक वर्ष आहे. म्हणजे शिवी देणाऱ्याला मुदत नाही आणि फिर्याद न घेणाऱ्या अधिकाऱ्याला एकच वर्ष. त्यातही आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. चौकशीचा अर्ज ‘मूळ केसचा निकाल लागू दे’ म्हणून थांबवला तर वर्ष तिथेच संपते. नकार मिळाला त्याच आठवड्यात पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि तारखेसह पोच घ्यावी.