लग्नचौक लिहिणाऱ्या वारली सवासिनी

लग्नचौक हे वारली चित्रकलेचे मूळ रूप आहे. पूर्वीच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार भागातल्या वारली पाड्यांवर लग्नाच्या वेळी घरातील भिंतीवर तो लिहिला जातो. हा मान परंपरेने सवासिनींचा, म्हणजे पती हयात असलेल्या स्त्रियांचा. लग्नाचे विधी चालवणारी धवलेरीही स्त्रीच असते. या चित्रकर्त्या कोणत्याही कलाशाळेत गेल्या नाहीत. थोरल्या बायकांचा हात पाहत आणि त्यांना मदत करत त्या शिकल्या.

तंत्राची सुरुवात भिंतीपासून होते. कुडाची भिंत शेणमातीने लिंपून तिच्यावर गेरूचा हात देतात. तांदूळ भिजवून वाटले की पांढरा रंग तयार होतो. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की तीच कुंचली. ओली रेघ फिकट दिसते आणि वाळल्यावर उजळते. त्यामुळे रेघ उमटण्याआधीच हाताला तिचा अंदाज असावा लागतो.

चौकटीच्या कडा नक्षीच्या पट्ट्यांनी भरतात. मध्यभागी सृजनाची देवता पालघट असते. शेजारच्या लहान देवचौकात पाच शिरांचा पंचशिऱ्या देव असतो. भोवती झाडे, पशुपक्षी, सूर्य, चंद्र आणि माणसे येतात. वर्तुळाचे डोके आणि टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण एवढ्यावर माणूस उभा राहतो. त्रिकोण थोडे कलते केले की तोच नाचू लागतो.

विधीसाठी काढलेल्या या चित्रावर नाव घालण्याची रीत नव्हती. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद आणि रंग पोहोचवले, तेव्हा परिस्थिती बदलली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी विधीबाहेरचे विषय, शेती, मासेमारी आणि तारपा नाच कागद-कापडावर आणले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रतिभेने वारली कलेला जगाची दारे उघडली. त्यानंतर बाजारात आणि प्रदर्शनांत पुरुषांची नावे पुढे आली.

असे होणे अटळ नव्हते. याच कुलकर्णींनी 1960च्या दशकात बिहारमधील मिथिलेत कागद नेला होता. तिथे भिंतीवर चित्रे काढणाऱ्या स्त्रियाच कागदावर आल्या आणि जगदंबा देवींना 1975 मध्ये पद्मश्री मिळाली. वारली सवासिनींच्या वाट्याला अशी ओळख फारशी आली नाही. आज वारली स्त्रियाही कागद आणि कापडावर चित्रे काढतात, पण चौक लिहिणाऱ्या पिढ्या निनावीच राहिल्या. गेरूची पार्श्वभूमी, एकच पांढरा रंग आणि त्रिकोणांचा माणूस ही वारली चित्राची ओळख त्यांच्या हातांनी घडवली. म्हणून या कलेचा इतिहास सांगताना सुरुवात कागदापासून नव्हे, सवासिनींच्या भिंतीपासून करायला हवी.